आखडलेला डॅशबोर्ड: सोलापूरच्या उन्हातली एक स्पोर्ट्स कार

पार्श्वभूमी

गाडी जर्मन, दोन सीटची, छत उघडणारी, वय पंधरा वर्षांच्या आसपास. मालक सोलापुरातले टेरी टॉवेलचे कारखानदार. त्यांनी ती पुण्यातून सेकंडहँड घेतली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. सोलापुरात अशा गाड्या इतक्या कमी आहेत की नाव सांगितलं तर मालकाचा पत्ता सांगितल्यासारखंच होईल. शिवाय हे दुखणं एका कंपनीचं नाही. ज्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर कारखान्यातूनच खरं लेदर चढून आलं, त्यांतल्या बऱ्याच गाड्या म्हातारपणी हीच तक्रार घेऊन येतात.

या गाडीच्या पहिल्या खरेदीदाराने ‘फुल लेदर’चा पर्याय घेतला होता. तो घेतला नसता तर डॅशच्या माथ्यावर साचात घडवलेलं मऊ प्लॅस्टिक आलं असतं आणि हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. हौसेने जास्त पैसे मोजून घेतलेली गोष्टच आधी खराब झाली.

रात्री गाडी होटगी रोडच्या बंगल्यात, बंद गॅरेजात असे. दिवसा मात्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ऑफिससमोर उघड्यावर, नाक पश्चिमेला करून. गेटजवळची ती जागा मालकांच्या खिडकीतून दिसते, म्हणून ती निवडलेली. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी उभ्या खांबाची सावली पायाशी गडप होते. स्पोर्ट्स कारची पुढची काच खूप कललेली, जवळजवळ आडवी, आणि तिच्याखाली डॅशचा रुंद काळा पट्टा. दुपारपर्यंत वरून ऊन आणि तीनपासून पाचपर्यंत समोरून ऊन, असं दुहेरी तापणं रोज चाललेलं.

डॅश किती तापतो, याचा अंदाज एका मोजमापावरून येईल. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सियस भरलं. सावलीतल्या गाड्यांत ते ४८ च्या आसपास राहिलं. हा वीस-एकवीस अंशांचा फरक पुढे या प्रकरणात फार कामाला आला.

अडचण

मालकांनी मला फोटो पाठवले तेव्हा लेदर तीन ठिकाणी सुटलेलं दिसत होतं. काचेच्या कडेला ते मागे सरकून खालचा पिवळट फोम उघडा पडला होता. मधोमध पाच-सहा मिलिमीटर, दोन्ही कोपऱ्यांत सेंटीमीटरभर. डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायला हवा सोडणाऱ्या जाळीभोवती लेदर उचलून जाळीच वाकडी झाली होती. तिसरी जागा सगळ्यांत वाईट: डाव्या बाजूच्या एअरबॅगचं झाकण. त्यावर चढवलेलं लेदर आखडत गेलं, तसं त्याने झाकणाची कड वर ओढली आणि डॅशच्या पातळीपेक्षा ती चांगलीच उंच झाली.

लेदर का आखडतं, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. कातडं म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांची गुंतागुंत. कमावताना त्या धाग्यांमध्ये तेलं मुरवतात, शिवाय थोडी आर्द्रता कायम असते. त्यामुळे धागे एकमेकांना चिकटत नाहीत आणि लेदर मऊ राहतं. वर्षानुवर्षं तापत राहिलं की ओल आणि तेल दोन्ही उडतात, धागे जवळ येतात, लेदर कडक होतं आणि लहान होतं. हे काही एका उन्हाळ्यात होत नाही. पण डॅशवरचं लेदर सगळ्या कडांनी चिकटवलेलं असल्यामुळे आत ताण साठत जातो. उन्हात गोंद मऊ पडला की तो ताण सगळ्यांत कच्च्या कडेला मोकळा होतो, आणि ती कड जवळपास नेहमी काचेजवळची असते.

मालकांचा समज होता की हा अतिनील किरणांचा प्रताप. पण पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेली असते आणि तो थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. आत येतो तो उजेड आणि उष्णता. म्हणजे ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेली कुठलीही बाटली इथे मूळ कारणाला हात लावत नव्हती.

आधी झालेले उपाय

माझ्याकडे येण्याआधी गाडीवर बरेच प्रयोग झाले होते, आणि दुरुस्तीचा निम्मा त्रास त्यांतूनच निघाला.

ड्रायव्हरमामा दर रविवारी डॅशला खोबरेल तेल चोळत. मायेने, नेमाने. गाडीच्या लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो. तेल त्यातून फारसं आत जात नाही. जिथे थराला तडे होते आणि जिथे कड उघडी होती, तिथून मात्र ते शिरलं आणि थेट गोंदाच्या रेषेत जाऊन बसलं. त्याच्यावर चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश. ज्या पृष्ठभागावर सिलिकॉन बसलंय, त्याला पुढे गोंद धरत नाही आणि रंगही नाही.

मग ॲक्सेसरीच्या एका दुकानात लेदर ‘बसवून’ घेतलं. तिथल्या मुलाने कडेला पाणी मारलं, हीट गन धरली, लेदर ओढून पिवळ्या सोल्यूशनने चिकटवलं. संध्याकाळी छान दिसलं. दोन महिन्यांत आधीपेक्षा जास्त मागे गेलं. हीट गनची हवा सहज ३०० अंशांच्या पुढे जाते, आणि लेदरला कोरड्यापेक्षा ओल्या अवस्थेत उष्णतेचा मार फार लवकर बसतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं लेदर ओलं असताना १०० अंशांच्या आसपास कायमचं आकसतं. पाणी आणि हीट गन एकत्र म्हणजे आखडायची सगळी सोय करून दिल्यासारखं झालं.

पर्याय

आम्ही तिघं बसलो: मालक, मी, आणि शिवणकामाचे एक जुने कारागीर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांचं आयुष्य ट्रक, ट्रॅक्टर आणि लक्झरी बसच्या सीटा शिवण्यात गेलेलं. स्पोर्ट्स कारला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण कोपऱ्यातलं लेदर दोन बोटांत धरून त्यांनी पहिल्या मिनिटात निकाल दिला.

“शेठ, ह्यात जीव राहिला नाही की ओ. ताणलं तर फाटंल.”

तरीही जुनंच लेदर पुन्हा ताणण्याचा पर्याय आम्ही लगेच सोडला नाही. तीन-चार मिलिमीटरची तूट असेल, लेदर अजून लवचिक असेल, तर ते काळजीपूर्वक सोडवून, मागून हलकं ओलसर करून, क्लॅम्पमध्ये धरून सावलीत दिवसेंदिवस सैल करता येतं. खर्च कमी, मूळपण टिकतं. इथे कोपऱ्यांत सेंटीमीटरभर तूट होती आणि हीट गनने भाजलेला पट्टा पुठ्ठ्यासारखा झाला होता. उस्तादांचं खरं होतं.

परदेशातून जुना डॅश मागवायचा विचार मालकांनीच मांडला. इंटरनेटवर अमेरिकेतले आणि जर्मनीतले कितीतरी दिसत होते, भावही बरे. पण ते सगळे डाव्या स्टिअरिंगचे. आपल्याला उजव्या स्टिअरिंगचा हवा, म्हणजे शोध ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांपुरता उरतो. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून आकडा चांगलाच फुगत होता. त्यात लेदरचा डॅश घेतला तर तोही तितक्याच वयाचा, आणि बिनलेदरचा घेतला तर त्या काळातलं मऊ रबरी कोटिंग उन्हात चिकट होण्याची भीती.

पूर्ण डॅश नव्या लेदरमध्ये मढवणं हा सरळ मार्ग. बेंगळुरू आणि पुण्यात अशी कामं होतात. मालकांच्या मनात हेच होतं. त्यांच्या एका मित्राने तर सुचवलं की आपल्याच भागात कोल्हापुरी चपलांसाठी उत्तम कातडं कमावतात, ते का नको? सूचना वरवर वाटते तितकी भाबडी नव्हती. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. पण ते कातडं वनस्पतिजन्य सालींनी कमावलेलं, आणि ते ओलं असताना ७० ते ८५ अंशांतच आकसतं. पायात दहा वर्षं टिकेल, डॅशवर दोन उन्हाळेही कठीण.

राहिला माझा पर्याय, जो मालकांना सुरुवातीला अजिबात रुचला नाही: फक्त माथ्याचा पट्टा बदलायचा, तोही गाड्यांच्या डॅशसाठीच बनणाऱ्या कृत्रिम लेदरमध्ये. डॅशच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये कारखान्यातूनच दुहेरी शिलाईची शिवण होती. तिच्याखालचं लेदर उभ्या भागावर असल्याने उन्हापासून वाचलेलं आणि चांगल्या स्थितीत होतं. त्याला हात लावायचं काहीच कारण नव्हतं.

“मी लेदरची गाडी घेतली आणि रेक्झिन लावू?” मालक म्हणाले. प्रश्न रास्त होता. संग्राहकाची गाडी असती, वातानुकूलित गॅरेजात राहणारी आणि पुढे लिलावात जाणारी, तर मीही लेदरच सुचवलं असतं. ही गाडी रोज अक्कलकोट रोडला जाणार होती.

निर्णय कसा झाला

वाद मिटला तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत. टॉवेलच्या धंद्यात कापड धुतल्यावर किती आटतं हे मोजणं रोजचंच: तुकड्यावर ठरावीक अंतरावर खुणा करायच्या, प्रक्रिया करायची, पुन्हा मोजायचं. शिवाय सुतातली आर्द्रता काढायला १०५ अंशांवर चालणारा ओव्हनही तिथे होता. मालक स्वतःच म्हणाले की मग लेदरलाही हाच न्याय लावू.

तीन नमुने घेतले: बॅगांसाठी विकलं जाणारं साधं लेदर, मोटारींच्या सीटसाठीचं लेदर, आणि डॅशचं कृत्रिम लेदर. प्रत्येकावर उभ्या-आडव्या खुणा करून ओव्हन ९० अंशांवर लावला, मधे नमुने बाहेर काढून दमट कापडाखाली ठेवायचे, पुन्हा आत. ही कुठल्या मानकाची चाचणी नव्हे, पण आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा आलटून-पालटून दाखवण्याचा बरा मार्ग होता. बॅगेचं लेदर आठवडा संपायच्या आत नजरेला दिसेल इतकं आखडलं आणि कडेने वळलं. सीटचं लेदर बरंच टिकलं, तरी खुणा आत सरकल्या होत्या. कृत्रिम नमुन्यात फूटपट्टीला फरक सापडला नाही.

मालकांनी तो तुकडा कितीतरी वेळ हातात फिरवला. मग विचारलं, “वास येतो का हो याचा?” हा प्रश्न त्यांना वाटला त्याहून महत्त्वाचा होता. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या हलक्या प्रतीच्या रेक्झिनमधलं मऊपणा आणणारं द्रव्य उष्णतेत उडतं आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसवतं. रात्री समोरून दिवे आले की मग काहीच दिसत नाही. म्हणून बाजारात मिळणारं सीट कव्हरचं रेक्झिन आम्ही बाद केलं आणि मोटारींच्या आतल्या भागासाठीच बनलेला, मॅट काळा माल पुण्याहून मागवला. मॅट आणि काळाच का, तर चकचकीत किंवा फिकट डॅशचं प्रतिबिंब काचेत पडतं.

दुसरा निर्णय एअरबॅगच्या झाकणाचा. त्यावर माझं मत ठाम होतं आणि आजही आहे: हे झाकण स्थानिक पातळीवर मढवायचं नाही. एअरबॅग क्षणार्धात फुटते आणि झाकण ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिशेने उघडावं लागतं. त्यावर जाड थर, जास्तीची शिलाई किंवा कडेवरून पलीकडे चिकटलेलं कापड असेल, तर झाकण उशिरा उघडेल किंवा तुकडा प्रवाशाच्या तोंडावर येईल. उस्तादांना हे समजावून सांगावं लागलं नाही. “जिथं स्फोट होतो तिथं माझी सुई नको,” एवढंच ते म्हणाले. या गाडीत झाकण एअरबॅगपासून वेगळं निघतं, त्यामुळे ब्रिटनमधून उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचं, न वाकलेलं, मूळ झाकण मागवायचं ठरलं. ते नुसतं प्लॅस्टिक असल्याने पाठवणीलाही अडचण नव्हती.

प्रत्यक्ष काम

डॅश बाहेर काढायला पुण्याचा अनुभवी मेकॅनिक आणला. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं, यंत्रणेतला साठलेला प्रवाह उतरायला वेळ दिला, मगच एअरबॅगचे जोड. काढलेली एअरबॅग तोंड वर करून वेगळ्या खोलीत ठेवली. या गाडीत पुढची काच न काढता डॅश दारातून बाहेर येतो, हे नशीब.

पुढचा प्रसंग मात्र ठरवलेला नव्हता. डॅश बाहेर असताना कुणीतरी गाडी मागे घ्यायची म्हणून बॅटरी जोडून इग्निशन फिरवलं. एअरबॅगचा दिवा मीटरमध्ये कायमचा लागला. सोलापुरात मिळालेल्या स्कॅनरने इंजिनाचे कोड वाचले, एअरबॅगचे नाही. तो दिवा शेवटी पुण्यातच विझला.

उस्तादांचं खरं कसब फर्म्यात, म्हणजे कापड बेतायच्या नमुन्यात दिसलं. सगळ्यांची पहिली कल्पना अशी की जुनी कातडी उसवून तिच्यावरून नवी कापायची. उस्तादांनी जुना तुकडा डॅशच्या कवचावर ठेवून दाखवला: तो सगळीकडून अपुरा. आखडलेल्या कातडीवरून कापलेला तुकडा पहिल्या दिवसापासून आखडलेलाच असणार. म्हणून त्यांनी कवचावर मास्किंग टेप चिकटवून, त्यावर शिवणीच्या रेषा काढून, टेप कापून सपाट केली आणि तिच्यावरून फर्मा घेतला. जुन्या तुकड्यावरून फक्त टाक्यांचं अंतर उतरवलं.

कवच साफ करण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. तेल, सिलिकॉन, जुनं पिवळं सोल्यूशन. फोमचा वरचा पापुद्रा जिथे तेलाने मऊ झाला होता, तिथे तो काढून नवा पातळ थर बसवावा लागला. गोंद दोन घटकांचा वापरला: निओप्रीन या कृत्रिम रबराच्या सोल्यूशनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मिसळून. नुसतं सोल्यूशन डॅशच्या तापमानाला मऊ पडतं, हार्डनरने ते बरंच जास्त सोसतं. दोरा नायलॉनचा न घेता पॉलिएस्टरचा, कारण उजेडात तो जास्त टिकतो. काचेकडच्या कडेला कापड कवचाखाली चांगलं दोन बोटं वळवून घेतलं. कारखान्याने तिथे जेमतेम कडेपुरतं लेदर ठेवलं होतं.

झाकण यायला अपेक्षेपेक्षा बराच उशीर झाला आणि तोवर गाडी उघड्या पोटाने शेडमध्ये पडून राहिली. आलं तेव्हा त्याचा काळा रंग थोडा निळसर निघाला. त्यावर लेदरच्या रंगाचा पातळ हात दिला, कापड मात्र काहीही चढवलं नाही.

उन्हाचा बंदोबस्त

हा भाग छोटा असला तरी माझ्या लेखी याशिवाय बाकी सगळं वाया गेलं असतं. गाडीची जागा गेटवरून हलवून पूर्वेकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. पत्रा तापतो हे खरं, पण थेट ऊन काचेवर पडत नाही. काचेला आतून चांदीसारखी सनशेड लावायची सवय ड्रायव्हरमामांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि खोबरेल तेलाची बाटली घरी गेली. काचेला फिल्म लावण्याचा विचार झाला होता. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायलाच हवा, ही मोटार वाहन नियमांतली अट आणि सिग्नलवरची हुज्जत, दोन्हींचा विचार करून तो सोडला.

परिणाम

एक पूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा गेला आहे. काचेची कड सरळ आहे, जाळी जागेवर बसली आहे, झाकण पातळीत आहे, काचेवर धुकं नाही. खर्च पूर्ण लेदरच्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत राहिला, त्यातला मोठा वाटा मेकॅनिकच्या येण्या-जाण्याचा आणि झाकणाचा.

उणिवाही आहेत. भर उन्हात बारकाईने पाहिलं तर वरचा कृत्रिम पट्टा आणि खालचं मूळ लेदर यांच्या पोतात फरक कळतो. मालकांना तो आता दिसत नाही, त्यांच्या मुलाला दिसतो आणि तो बोलूनही दाखवतो. डाव्या कोपऱ्यात, जिथे कवचाला तीव्र वळण आहे, तिथे नखभर जागा उचलली आहे. पुढे गाडी विकताना ‘फुल लेदर’ म्हणता येणार नाही. काढलेलं जुनं लेदर आणि कामाचे फोटो मालकांनी म्हणून जपून ठेवले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

लेदर पहिल्यांदा सुटलं तेव्हा ते दोन-तीन मिलिमीटरच होतं, असं जुन्या फोटोंवरून दिसतं. त्या वेळी नुसती गाडीची जागा बदलून, कड थंडपणे पुन्हा चिकटवली असती तर मूळ लेदर आणखी काही वर्षं निभावलं असतं. हीट गनने तो रस्ता बंद केला.

झाकण हातात येण्याआधी डॅश उघडायला नको होता, असं मेकॅनिकचं म्हणणं. उस्तादांचं मत उलट: कवच उघडल्याशिवाय झाकण खरंच वाकलंय की नुसतं ओढलं गेलंय हे कळलं नसतं, आणि विनाकारण पैसे गेले असते. मला उस्तादांचं पटतं, फक्त उघडून पाहिल्यावर डॅश तात्पुरता परत बसवायला हवा होता. मग ते इग्निशनचं प्रकरणही घडलं नसतं.

कोपऱ्याबद्दल उस्ताद म्हणतात की तिथे तुकडा एकसंध न ठेवता छोटी शिवण घ्यायला हवी होती. मालकांना जास्तीची शिवण नको होती, म्हणून कापड ताणून बसवलं गेलं. आता तेच शिवण घ्यायला तयार झाले आहेत. गोंद शांतपणे धरेल अशी कोरडी, थंड हवा मिळावी म्हणून हे काम दिवाळीनंतर ठेवलं आहे.